भिंती कुणाच्या, दुकान कुणाचं

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात गॅलोट्री गेट या रस्त्यावरून चालताना दुकानांकडे न बघता मान जरा वर केली, तर एका जुन्या इमारतीवर कोरीव चित्रं दिसतात. एकात १८४१ ची आगगाडी आहे, एकात १८५१ चं लंडनचं जंगी प्रदर्शन, एकात नाईल नदीवरची मोहीम. १८९४ साली उभी राहिलेली ही थॉमस कुकची इमारत. याच शहरातून ५ जुलै १८४१ ला त्याने पहिली सहल काढली होती, लेस्टर ते लफबरो. एका शिलिंगात जाऊन-येऊन, आणि कशासाठी, तर दारूबंदीच्या सभेसाठी. पुढे त्याच्या नावाने निघालेल्या सहलींमध्ये लोक काय काय प्यायले, हे बघायला तो राहिला नाही ते बरंच झालं.

सप्टेंबर २०१९ मध्ये एका सोमवारी पहाटे ती कंपनी बुडाली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले, त्यांना सरकारने विमानं पाठवून घरी आणलं. त्या आठवड्यात ऑफिसात, बसमध्ये, डॉक्टरकडे वाट बघताना, जिथे जाल तिथे एकच वाक्य ऐकू यायचं: ‘इंटरनेटने मारलं.’ लोक घरबसल्या तिकिटं काढतात, मग दुकानात जाईल कोण? पटण्यासारखं होतं. पण बातमीत थोडं खाली गेलं की दिसायचं, कंपनीच्या डोक्यावर दीड अब्ज पौंडांहून जास्त कर्ज होतं आणि त्यातलं बरंचसं २००७ मध्ये दुसरी एक कंपनी पोटात घेतल्यापासूनचं. गिऱ्हाईक होतं, दुकानं होती, धंदाही होता. नफा यायचा तो व्याजात जायचा.

तेव्हापासून या देशातलं कुठलंही मोठं दुकान बंद पडलं की मी बातमीचा तो खालचा भाग आधी वाचते.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, तशी इथे प्रत्येक गावात हाय स्ट्रीट, म्हणजे गावाची मुख्य बाजारपेठ. लेस्टरची बाजारपेठ घड्याळाच्या मनोऱ्याभोवती आहे. १८६८ चा हा मनोरा, आणि तिथून पाच रस्ते फुटतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा शनिवारी दुपारी या मनोऱ्यापाशी खांद्याला खांदा लागायचा. आजही शनिवारी गर्दी असते, उगाच स्मशानकळा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता फट पडत गेली आहे. एक दुकान चालू, एकाला फळ्या ठोकलेल्या, मग एक केशकर्तनालय, मग वेपचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं दुकान, मग पुन्हा फळ्या. काही फळ्यांवर नगरपालिकेने फुलांची चित्रं लावली आहेत. ती फळ्यांपेक्षा केविलवाणी दिसतात असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी हे कुणाला जाणवलं असेल तर माझ्या आईला. ती उन्हाळ्यात आमच्याकडे येते. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, तरी रोज एकटी बाहेर पडायची तिची जिद्द. तिच्या डोक्यात या शहराचा एक स्वतःचा नकाशा आहे आणि तो बाथरूमवर आखलेला आहे. इथल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये वरच्या मजल्यावर कॅफे आणि कॅफेशेजारी स्वच्छ बाथरूम असायचं. काही विकत घेतलंत का, असं कुणी विचारायचं नाही. आई फेनविकपर्यंत चालत जायची, तिथे जाऊन, थोडं टेकून, मग बाजारात, मग डेबेनहॅम्स, पुन्हा टेकून, मग बस. २०१७ मध्ये लेस्टरचं फेनविक बंद झालं. २०२१ मध्ये डेबेनहॅम्स. सार्वजनिक बाथरूम बांधलंच पाहिजे असं इथल्या नगरपालिकांवर कायद्याने बंधन नाही, त्यामुळे पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथे लागते. हायक्रॉस मॉलमधलं जॉन लुइस हे दुकान अजून आहे, म्हणून आईचा निम्मा नकाशा शिल्लक आहे. उरलेल्या रस्त्यांवर ती आता जातच नाही. तिकडे बघण्यासारखं काही नाही, असं सांगते. खरं कारण मला माहीत आहे आणि ते तिच्या वयाच्या इथल्या बायकांनाही माहीत आहे. बाजारपेठेला अवकळा आल्याचे जे अहवाल निघतात, त्यात हे कुठेतरी तळटीपेत असतं.

ती पहिल्यांदा आली होती तेव्हाचं तिचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. चार मजल्यांचं दुकान फिरून झाल्यावर म्हणाली, ‘अगं, एवढं मोठं दुकान आणि या-बसा म्हणणारं कुणी नाही?’ सांगलीत साडीच्या दुकानात शिरलं की आधी गादीवर बसवतात, मग चहा विचारतात, मग ‘कशातली दाखवू’. इथे ती तासभर फिरली आणि तिच्याशी कुणी बोललं नाही. मला तेव्हा ते सुसंस्कृत वाटलं होतं, कुणी मागे लागत नाही म्हणून. आता वाटतं, गिऱ्हाइकाशी न बोलण्याची सवय दुकानांनी स्वतःच लावली आणि मग न बोलता विकणाऱ्या वेबसाइट आल्यावर आश्चर्य केलं.

विल्कोची गोष्ट मात्र जवळून पाहिली. विल्को म्हणजे बादल्या, बल्ब, रंगाचे डबे, फुलझाडांच्या बियांची पाकिटं, खिळे, डस्टबिनच्या पिशव्या असं सगळं स्वस्तात मिळणारं दुकान. परदेशात नवीन संसार मांडणाऱ्या प्रत्येकाने तिथून काही ना काही आणलेलं असतं. आमचं पोळपाट-लाटणं सांगलीहून आलं, बाकी स्वयंपाकघर विल्कोतून. हेही दुकान मूळ लेस्टरचंच. १९३० साली चार्नवूड स्ट्रीटवर विल्किन्सन नावाच्या माणसाने पहिलं दुकान काढलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने हात वर केले तेव्हा देशभर चारशेच्या आसपास दुकानं होती आणि साडेबारा हजार माणसं कामाला.

शेवटच्या दिवसांत मी गेले होते. माल जवळजवळ संपला होता, म्हणून दुकान स्वतःलाच विकत होतं. लोखंडी रॅकवर किंमत, खरेदीच्या टोपल्यांच्या चळतीवर किंमत, भिंतीवरच्या ‘येथे पैसे भरा’ या पाटीवर किंमत. मागच्या भिंतीशी कर्मचाऱ्यांच्या खोलीतला मायक्रोवेव्ह ठेवला होता, त्याच्या दारावर आतून आमटीचे की सूपचे डाग, बाहेरून पिवळं लेबल. एक आजोबा फ्लॅशलाइटच्या बॅटऱ्यांची शेवटची चार पाकिटं उलटीसुलटी करून तारीख बघत होते. गल्ल्यावरची बाई लेस्टरच्या पद्धतीने ‘मी डक’ म्हणाली (इथे अनोळखी माणसालाही लाडाने असंच म्हणतात) आणि पिशवी हवी का विचारून स्वतःच हसली, कारण पिशव्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. शाळा सुटल्यापासून ती याच दुकानात होती. पुढे काय, असं मी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं: रिंगरोडच्या बाहेरच्या गोदामात पॅकिंगचं काम मिळतंय, फक्त तिथे जायला सकाळची बस नाही.

आता बातमीतला खालचा भाग. विल्को काही इंटरनेटवर चालणारा धंदा नव्हता, रंगाचा डबा कोण कुरिअरने मागवतं? माल स्वस्त होता, गिऱ्हाईक होतं. पण स्पर्धकांची दुकानं शहराबाहेर, मोठ्या पार्किंगसकट, कमी भाड्यात; आणि विल्कोची दुकानं गावाच्या मध्यावर, जुन्या चढ्या करारांत अडकलेली. पैसा कमी पडू लागला तशी कंपनीने २०२२ मध्ये वर्कसॉपचं आपलं गोदाम विकलं आणि तेच भाड्याने घेतलं. त्याआधीच्या वर्षांत मालक घराण्याने लाभांश घेतला होता, त्यावर पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. शेवटी नाव विकलं गेलं पन्नास लाख पौंडांना. साडेबारा हजार माणसांच्या कंपनीचं नाव, लंडनमधल्या एखाद्या बऱ्यापैकी बंगल्याच्या भावात.

आपलंच घर विकायचं आणि त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचं, असं आमच्याकडे कुणी केलं तर भावकी आठ दिवस दारात बसेल. इथे ती कंपनी चालवायची मान्यताप्राप्त रीत आहे. सर्वांत मोठा नमुना डेबेनहॅम्सचा. १७७८ पासूनचं दुकान. २००३ साली गुंतवणूकदारांच्या एका गटाने ते विकत घेतलं. २००५ मध्ये २३ दुकानांच्या इमारती ब्रिटिश लँड या मालमत्ता कंपनीला ४९.५ कोटी पौंडांना विकल्या आणि लगेच त्याच इमारती वर्षानुवर्षांच्या कराराने, चढत्या भाड्याने परत घेतल्या. २००६ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आणली. ज्यांनी इमारती विकल्या ते गुंतवणूकदार नफा घेऊन मोकळे झाले आणि भाडं मात्र दुकानाच्या गळ्यात राहिलं. मंदी आली तरी भाडं तेच, फॅशन बदलली तरी भाडं तेच. २०२१ च्या जानेवारीत बूहू या ऑनलाइन कंपनीने साडेपाच कोटी पौंडांत फक्त नाव आणि वेबसाइट घेतली. दुकानं नकोत म्हणाले. मे महिन्यात शेवटची दारं बंद झाली, आणि मथळा काय आला, तर ऑनलाइनने डेबेनहॅम्सला गिळलं. गिळलं हे खरं, पण ताटात वाढलं कुणी?

बीएचएस या अशाच दुसऱ्या दुकानसाखळीचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये ती कंपनी एका पौंडाला विकली गेली. हो, एका पौंडाला. तेरा महिन्यांत बुडाली. १६४ दुकानं, ११ हजार माणसं, आणि पेन्शन फंडात ५७.१ कोटी पौंडांचं भगदाड.

माझा नवरा अकाउंटंट आहे. घरी हा विषय निघाला की तो पहिल्यांदा मला थांबवतो आणि मग माझ्याहून जास्त बोलतो. त्याच्याकडून कळलेली गंमत ही, की इथल्या दुकानांच्या भाडेकरारात पिढ्यान्‌पिढ्या एक कलम असतं: दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होईल, पण भाडं फक्त वर जाईल. बाजार पडो, रस्ता ओस पडो, भाडं खाली येणार नाही. मला वाटायचं, मालकाला कळत नाही का, दुकान रिकामं ठेवण्यापेक्षा थोडं कमी भाडं बरं? तर तसं नसतं. मालक म्हणजे बहुतेकदा एखादा पेन्शन फंड किंवा गुंतवणूक कंपनी. इमारतीची कागदावरची किंमत भाड्यावरून ठरते आणि त्या किमतीवर बँकेचं कर्ज उभं असतं. एका दुकानाचं भाडं उतरवलं की शेजारची चार दुकानं तोच भाव मागणार, मग सगळ्या ओळीची किंमत उतरणार. त्यापेक्षा एक गाळा रिकामा राहिलेला परवडतो. ज्याने हा निर्णय घेतला तो माणूस लेस्टरला कधी आलेला नसतो. त्याच्या दृष्टीने गॅलोट्री गेट ही एक्सेलमधली एक ओळ आहे.

आणि मग बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानांची पट्टी. सरकार ठरवणार की तुमच्या जागेला वर्षाला अंदाजे किती भाडं येईल, आणि त्याचा मोठा हिस्सा, बरीच वर्षं तर जवळपास निम्मा, पट्टी म्हणून घेणार, धंदा होवो न होवो. हा अंदाज पूर्वी दर पाच वर्षांनी नव्याने व्हायचा, २०२३ पासून दर तीन वर्षांनी होतो. २०१० ची आकारणी एप्रिल २००८ च्या भावांवर झाली, म्हणजे बाजार कोसळायच्या ऐन आधीच्या, फुगलेल्या भावांवर. पुढची २०१५ ला व्हायची ती सरकारने २०१७ पर्यंत पुढे ढकलली. सात वर्षं दुकानदार अशा भाड्यावर पट्टी भरत होते जे बाजारात कुठेच उरलं नव्हतं. दरम्यान हायवेलगतच्या स्वस्त जमिनीवर गोदामं उभी राहत होती, त्यांच्या जागेचा भावच कमी, म्हणून पट्टीही कमी. अगदी छोट्या दुकानांना सूट मिळते, हेही सांगायला हवं. मार खातो तो मधला.

या पट्टीमुळेच बाजारपेठेचा चेहरा बदलला, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. २००८ पासून रिकाम्या दुकानावरही तीन महिन्यांनंतर पूर्ण पट्टी लागते. धर्मादाय संस्थेच्या दुकानाला मात्र ८० टक्के माफ. मग मालकासमोर हिशोब सोपा: गाळा रिकामा ठेवून खिशातून पट्टी भरायची, की एखाद्या संस्थेला नाममात्र भाड्याने देऊन मोकळं व्हायचं? म्हणून इथे मध्यम गावाच्या बाजारपेठेत एका रांगेत जुन्या कपड्यांची, जुन्या पुस्तकांची तीन-तीन दुकानं दिसतात. लोक नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. माझ्या मुलीचे शाळेचे कोट, तिची सगळी गोष्टीची पुस्तकं आणि माझा सर्वांत चांगला लोकरी स्वेटर तिथूनच आलाय. शिवाय तिथे काउंटरवर बसलेल्या आजी बोलतात, अगदी भरपूर बोलतात, ‘या, बसा’ म्हणायचं तेवढं बाकी.

शहराबाहेरच्या मॉलबद्दल थोडक्यात, कारण ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. फरक एवढाच की ते मॉल आपोआप उगवले नाहीत. गेट्सहेडचं मेट्रो सेंटर १९८६ मध्ये उघडलं ते सरकारने आखलेल्या खास क्षेत्रात, जिथे पट्टी माफ होती. म्हणजे गावातला दुकानदार पूर्ण पट्टी भरणार आणि गावाबाहेरचा काहीच नाही. आमचं फॉस पार्क १९८९ चं, हायवेच्या कडेला, पार्किंग फुकट. ते ब्लेबी या शेजारच्या हद्दीत येतं, लेस्टर शहराच्या नाही. गिऱ्हाईक शहराचं, फायदा शेजाऱ्याचा. गावातली बाजारपेठ आधी, असं धोरण सरकारने नव्वदच्या दशकात ठरवलं खरं, पण वरात निघून गेल्यावर. पार्किंग हा लेस्टरात तसाही गहन विषय आहे. २०१२ मध्ये इथे तिसरा रिचर्ड राजा सापडला तोही एका पार्किंगखालीच. पाचशे वर्षं जागा अडवून ठेवली म्हणून त्याला दंड झाला नाही, एवढंच.

मग इंटरनेटचा काहीच दोष नाही का? आहे की. करोनाच्या टाळेबंदीत, २०२१ च्या सुरुवातीला, या देशातल्या किरकोळ विक्रीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग ऑनलाइन होता. नंतर तो उतरून सुमारे पाव हिश्श्यावर येऊन थांबला. म्हणजे आजही चारातले तीन पौंड दुकानात खर्च होतात. घाव खरा आहे, पण तो ज्याच्यावर बसला तो आधीच कर्जाने, भाड्याने आणि पट्टीने वाकलेला होता. ताठ उभ्या असलेल्याला एवढा लागला नसता.

ताठ उभं राहिलेलं बघायचं तर मनोऱ्यापासून बेलग्रेव्ह रोडला यावं. चालत फार लांब नाही. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: तुमच्या भल्यासाठी सांगतो, इकडे येऊ नका. घरं नाहीत, शाळेत जागा नाहीत. ती जाहिरात वाचून अनेकांना या गावाचं नाव पहिल्यांदा कळलं म्हणे. आले हजारोंनी. तेव्हा बेलग्रेव्ह रोडची रया गेलेली होती, इमारती पडत्या भावात मिळत होत्या. लोकांनी त्या घेतल्या, वर संसार मांडला, खाली दुकान. पुढे रस्त्यावर भलामोठा उड्डाणपूल होता, तोही २०१४ मध्ये पाडला आणि रस्ता मोकळा झाला. आज त्याला गोल्डन माइल म्हणतात: साड्या, सोनं, मिठाई, पूजेचं सामान. दिवाळीत दिवे लागतात तेव्हा लंडनहून लोक येतात.

आईला मी तिथे नेलं तेव्हा तिला अखेर गादी नाही तरी खुर्ची मिळाली. दुकानाच्या मासी गुजराती-हिंदी बोलतात, आई मराठी-हिंदी, व्यवहार कुठे अडत नाही. ‘आवो बेन, बेसो’ म्हणून त्यांनी एकामागून एक साड्या उलगडल्या. इरकल विचारली तर नव्हती, पण इरकल म्हणजे काय हे त्यांनी नीट विचारून घेतलं, काठ कसा, पदर कसा. आईने घेतली नाही काहीच. तरी मसाला चहा आला, मागच्या खोलीत बाथरूम आहे हेही न विचारता सांगितलं. निघताना मासींनी दोन ब्लाउजपीस हातात कोंबले.

मासींचं दुकान त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेल्या इमारतीत आहे. धंदा पडला तर त्या भाव उतरवतात, माल बदलतात, एखाद्या मंगळवारी दुकान उघडतच नाहीत. भाडं ठरवायला कुणी लंडनला बसलेलं नाही. करोनात सहा महिने शटर खाली होतं, पण दुकान गेलं नाही, कारण न्यायला कुणी येणारच नव्हतं. माझं म्हणणं सगळं इथे येऊन थांबतं. दुकान चालवणारा माणूस आणि भिंतींचा मालक जिथे एक आहेत, किंवा निदान एकमेकांच्या दाराशी आहेत, तिथे बाजारपेठ वाईट काळ सोसते.

सांगलीतही हेच बघितलंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली. माल चिखलात गेला. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीच्या कापडवाल्यांनी भिजलेले गठ्ठे रस्त्यावर वाळत घातले, गाळ काढला, आणि दसऱ्याला दुकान पुन्हा मांडलं. मी फोनवर म्हटलं, काका, नदीपासून लांब जागा का बघत नाही? ‘अगं, जागा आजोबांच्या नावावर आहे, जाऊ कुठे?’

अर्थात आमच्याकडचं सगळं गोड आहे असंही नाही. जुने भाडेकरू असलेल्या दुकानांत दुसरं टोक दिसतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्केच वाढ. आधीच भाडं इतकं किरकोळ की चार टक्क्यांत मालकाचा चहा निघत नाही. तो कौलं बदलत नाही, भिंतीला चुना लावत नाही, इमारत कधी पडते याची वाट बघतो. भाडेकरू दुकान सोडत नाही. मग एक दिवस बिल्डर येतो आणि दोघांचा प्रश्न मिटवतो. नव्या इमारतीत खाली मोबाइलची शोरूम येते. तिथे भिंतींचा मालक जवळ असूनही दुकानाचा वैरी झालेला असतो. इथे तो वैरी नाही, त्याला पत्ताच नाही. दोन्हींतलं बरं काय, हे मला विचाराल तर वैरी बरा. निदान भांडता येतं.

इथल्या सरकारांनी उपाय केले नाहीत असं नाही. २०११ मध्ये मेरी पोर्टास या दुकानदारीतल्या प्रसिद्ध बाईंनी २८ शिफारशींचा अहवाल दिला, काही गावांना बाजारपेठ सावरायला पैसे मिळाले. त्यातल्या एका गावाने पेपा पिग या कार्टूनमधल्या डुकरिणीचा पोशाख आणला, पोरांना खेचायला. डिसेंबर २०२४ पासून नवीन अधिकार आलाय: दोन वर्षांत मिळून वर्षभराहून जास्त रिकामं राहिलेलं दुकान नगरपालिका मालकाच्या संमतीवाचून लिलावाने भाड्याने देऊ शकते. आणि जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात ते ‘भाडं फक्त वर’ कलम नव्या करारांतून काढून टाकायचा प्रस्ताव आला. मालमत्तावाल्यांनी लगेच ओरडा केला, त्यावरून उपाय बरोबर जागी लागला असावा. हे वीस वर्षं आधी झालं असतं तर डेबेनहॅम्स वाचलं असतं का, ते सांगता येत नाही. विल्को बहुधा वाचलं असतं.

बेलग्रेव्ह रोडवरही आता एक-दोन ‘भाड्याने देणे’ आहेत. सुरतहून साड्या व्हॉट्सअ‍ॅपवर थेट येतात, ते एक. दुसरं, मासींचा मुलगा फार्मासिस्ट आणि सून दातांची डॉक्टर. काउंटरवर बसायला कुणी नाही, आणि का बसावं? मुलांना शिकवलं ते त्यासाठीच ना. मागच्या महिन्यात फॉल-पिकोला साडी द्यायला गेले तेव्हा मासी म्हणाल्या, दिवाळीनंतर निम्मं दुकान भाड्याने देणार. वेपवाला दोनदा येऊन गेला, भाडंही चांगलं देत होता, त्याला नाही म्हटलं. आता जावई म्हणतोय मिठाईचं टाकू, चार टेबलं, आइस्क्रीम, वॉफल.

‘बेटा, तुम्ही मराठी लोक याल का?’ मासींनी विचारलं. मी म्हटलं, मासी, वॉफलला नाही सांगता येत, पण होळीला पुरणपोळी ठेवलीत तर लफबरोपासून रांग लावू. त्यांनी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुजरातीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, तुमच्यात पुरण हरभऱ्याच्या डाळीचं की तुरीच्या?